श्वानपालकांच्या गप्पांतील औषधोपचार

महोदय,

कुत्र्यांना फिरवायला नेणाऱ्यांच्या गप्पांत पट्टा ओढण्याची खोड, घरात एकटे ठेवल्यावरचे भुंकणे, केस गळणे हे विषय रोजचेच असतात आणि त्यातून नवख्यांना बरेच शिकायलाही मिळते. मात्र याच गप्पांत औषधेही सर्रास सुचवली जातात, ही बाब मला गंभीर वाटते. ताप आला की माणसांचे पॅरासिटामॉल द्या, असे सांगणाऱ्यांना त्याने कुत्र्याच्या यकृताला इजा होऊ शकते किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामकामुळे जठरात व्रण होऊन मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात, याची कल्पना नसते. खाण्याचेही तसेच. चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे कुत्र्यांना विषारी ठरणारे द्रव्य त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, द्राक्षे व मनुका मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, तर काही साखरविरहित च्युइंगममध्ये असलेल्या झायलिटॉल या गोडी आणणाऱ्या पदार्थाने कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. ‘आमच्या कुत्र्याला काहीच झाले नाही’ हा युक्तिवाद (तो हमखास होतोच) येथे निरुपयोगी आहे, कारण कुत्र्याचे वजन आणि पोटात गेलेली मात्रा यांनुसार परिणाम बदलतो. असे काही खाल्ल्याचे आढळल्यास लक्षणांची वाट न पाहता, वेष्टन सोबत घेऊन, तातडीने पशुवैद्यकांकडे जावे.

– एक श्वानपालक