फोंड्याच्या रेडिओवाल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे शिकून आईसाठी मी स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर (मोबाईलचा आवाज मोठा करणारा सेट) आता रोज वाजतो. पूजा आटोपली की ती स्वतःच बटण दाबते, आवाजाची खुंटी हवी तेवढी फिरवते आणि जुनी गाणी लावून बसते. मंगेशीचे मास्टर दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, हे आवाज तिच्या लहानपणापासूनचे. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही, ही तिची तक्रार होती. ब्लूटूथ स्पीकर आणला, तर तो जोडायचं तिला जमेना. तिला हवं होतं एक बटण आणि एक खुंटी, बस.

दुकानात गर्दी असते आणि आभाराचा शब्द काढला की तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे येण्याआधी एका दुकानात ‘तयार बोर्ड मिळतो, उगाच कशाला खटपट’ असं ऐकून परतले होते. तुम्ही मात्र विचारलंत, “आवाज कितीशा खोलीत हवा?” एका खोलीत, म्हटल्यावर एलएम ३८६ काढून दिलीत. आठ पायांची, नखाएवढी आयसी, म्हणजे आवाज मोठा करायचं काम करणारी चिप. ६ व्होल्टवर, ८ ओहमच्या स्पीकरला ती साधारण पाव ते एक तृतीयांश वॅट देते, आणि घरात गाणं ऐकायला तेवढं भरपूर होतं, हे तुम्ही आधी हिशेबाने पटवलंत. आयसीचा नेहमीचा गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल ती किती पट मोठा करते तो आकडा, २०. एक आणि आठ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) टाकला की तो २०० होतो. मला २०० चाच मोह होता. तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत: ६ व्होल्टच्या पुरवठ्यावर आउटपुट वरखाली मिळून साडेचार व्होल्टच्या आसपास हलतं, त्याला २० ने भागलं तर इनपुटला पाव व्होल्टसुद्धा लागत नाही. मोबाईल त्याहून जास्तच देतो. मग गेन वाढवून फक्त खरखर वाढणार. ते दोन पाय मोकळे राहिले. मोबाईलच्या डाव्या-उजव्या तारा थेट एकमेकींना न जोडता १ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून (विजेला अडसर घालणाऱ्या भागांतून) एकत्र आणायच्या आणि मग १० किलोओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलला द्यायच्या, हेही त्याच कागदावर आहे. तो कागद मी जपून ठेवलाय.

व्हेरो बोर्डवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या भोकाभोकांच्या पाटीवर, सगळं जोडून आणलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “बाय, पयलीं सेल लाव.” चार पेन्सिल सेल लावले. स्पीकर जोडायच्या आधी मीटर माझ्या हातात दिलात आणि पाच नंबरच्या पायावर किती येतं ते बघायला सांगितलंत. ३ व्होल्टच्या जवळ आकडा आला. पुरवठ्याच्या निम्मं आलं म्हणजे आयसी शांत बसलीय, आता २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून स्पीकर लावायला हरकत नाही. तो कपॅसिटर डीसी (एकाच दिशेची स्थिर वीज) अडवतो आणि गाणं तेवढं पुढे जाऊ देतो, हे वाचलं होतं, पण मीटरवर एका बाजूला ३ आणि दुसऱ्या बाजूला शून्य दिसलं तेव्हा खरं कळलं.

सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते त्या घुंई आवाजासाठी. सेलवर स्वच्छ वाजणारा सेट घरातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर लावायचा होता. त्यावर ९ व्होल्ट छापलेलं, पण काहीही न जोडता मोजला तर १३ च्या वर. आपल्या आयसीची मर्यादा १२, म्हणून तुम्ही मध्ये ७८०६ रेग्युलेटर (व्होल्टेज ६ वर स्थिर ठेवणारा भाग) घालायला लावलात. तरी गाण्यामागे घुमणारा आवाज राहिलाच. तुमच्या बाकावर पान्हा, डाग द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री, कपॅसिटर सगळं होतं. दोन मिनिटांत करून दिलं असतंत. पण तुम्ही हात मागे घेतलात आणि विचारलंत, “खुंटी पूर्ण खाली केली तर जातो काय?” नाही गेला. म्हणजे मोबाईलच्या तारेतून येत नव्हता, खुंटीच्या पुढे कुठेतरी शिरत होता. “सेलवर होता काय?” नव्हता. म्हणजे अडॅप्टर. मग गाणं चालू असताना अडॅप्टरचा व्होल्टेज मोजायला सांगितलात, तर आकडा चांगलाच खाली आलेला. आतला कपॅसिटर वर्षानुवर्षं सुकत गेला होता, त्यामुळे भार पडला की सेकंदाला १०० वेळा व्होल्टेज खड्ड्यात जाई आणि रेग्युलेटरला पुरेसं मिळत नसे. ७८०६ च्या आधी, अडॅप्टरच्या बाजूला, १००० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर मी स्वतः लावला आणि आवाज थांबला.

येणारं काम करून देणारे कितीतरी असतात, काका. उत्तर ठाऊक असताना समोरच्याला ते शोधू देणारे फार थोडे. पुढच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर तसाच ठेवून तुम्ही मला ते शोधू दिलंत.

आउटपुटवर १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी लावायला तुम्ही सुचवलंत, त्याचं कारणही पटलं. ती नसेल तर आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारितेला थरथरत बसते आणि गाणं नसतानाही तापते. तशीच स्पीकरची परतीची तार आणि इनपुटचं ग्राउंड (शून्य व्होल्टची सामाईक तार), दोन्ही एका ठिकाणी पण वेगवेगळ्या वाटेने आणायची सूचना. आता कुठलाही बोर्ड उघडला की आधी ग्राउंड कुठून कुठे जातं ते बघते.

आणि ती पेटी! उघड्या स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्याला खातो, म्हणून खर्ज मिळत नाही, हे तुम्ही स्पीकर भोक पाडलेल्या पुठ्ठ्यावर धरून ऐकवलंत. सुताराकडून फणसाच्या फळीची पेटी करून घेतली. आईचा डग्गा परत आला. पावसाळ्यात व्हॉल्यूम कंट्रोल खरखरतो म्हणून डागानंतर बोर्ड स्पिरिटने पुसायचा आणि पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकायची, तीही तुमचीच शिकवण. आपल्याकडच्या दमट हवेत तांबं हिरवं व्हायला वेळ लागत नाही.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी येते आहे. शेजारचा नववीतला मुलगा रोज संध्याकाळी पेटीसमोर बसून ‘आत काय आहे’ विचारतो. त्यालाही एक करायचाय. त्याच्यासाठी एक ३८६, एक २२० चा कपॅसिटर आणि एक १० किलोओहमची खुंटी बाजूला काढून ठेवाल का? आणि काका, त्यालाही काही करून देऊ नका. मीटर त्याच्याच हातात द्या.

तुमची,
कवळ्याची बाय