‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नक्की काय डाऊन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सर्व्हर डाऊन आहे’ ही पाटी आपल्या शहरात इतक्या खिडक्यांवर दिसते, की लोक ‘का’ म्हणून विचारतही नाहीत, मुकाट्यानं माघारी वळतात. मी नाशिकमधल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळते. गेल्या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ही पाटी आमच्याच काउंटरवर लागली. आमच्या शिपाईमामांनी ती खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली आणि मी कामात होते म्हणून अडवलं नाही. ती चूक माझी.

आमची माहिती बाहेरच्या कंपनीकडं ठेवायची नाही, असं संचालक मंडळानं ठरवलं होतं. म्हणून स्वतःच्या तीन मशीन घेऊन त्या एकमेकींना जोडल्या आणि सगळं त्यांवर चालवतो. त्यात ओळख पटवायचं काम दोन सेवांकडं आहे. कर्मचाऱ्यांची नावं आणि पासवर्ड ओपनएलडॅपमध्ये असतात. कीक्लोक त्या यादीशी पडताळून टोकन देतो. टोकन म्हणजे थोडा वेळ चालणारा पास. तो दाखवल्याशिवाय ठेवी, कर्ज, रोख यातला कोणताच प्रोग्राम उघडत नाही.

रविवारी दिवसभर वीज नव्हती. यूपीएसनं जमेल तेवढं ताणलं, मग मशीन बंद पडल्या. सोमवारी सकाळी चालू केल्या तेव्हा तिन्हींचे दिवे हिरवे. साडेनऊला कॅशियरबाई आत गेल्या, शेजारचा क्लार्क जाईना. थोड्या वेळानं तो गेला आणि बाई बाहेर फेकल्या गेल्या. साफ बंद पडलं असतं तर बरं, निदान कुठं बघायचं ते कळतं.

आधी मी नावावरून पत्ता सापडतोय का ते पाहिलं, कारण अशा भानगडीत निम्म्या वेळा हे पत्ते सांगणारा डीएनएसच बिघडलेला निघतो. तो ठीक होता. ओपनएलडॅपचं ६३६ नंबरचं पोर्ट, म्हणजे त्या सेवेत शिरायचं दार, तिन्ही मशीनवरून लागत होतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असतं तर मशीन जागेवर आहे पण सेवा उठलेली नाही, असं समजले असते. ‘टाइम्ड आऊट’ आलं असतं तर वाटेत फायरवॉलनं, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्यानं, गिळलंय असं. दोन्ही येत नव्हतं. मशीनची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपायला ४१ दिवस होते. क्लार्कचा पासवर्ड विनाकारण बदलून दिला. यात अकरा वाजले.

शेवटी तिन्ही मशीनचे लॉग, म्हणजे वेळेसकट कामाच्या नोंदी, शेजारी शेजारी उघडले, आणि एका ठिकाणी उत्तर प्रश्नाच्या आधी आलेलं दिसलं. पहिल्या मशीननं विचारणा केली ९:४२ला आणि दुसरीनं तिला उत्तर दिलं ९:३१ला! दुसऱ्या मशीनचं घड्याळ ११ मिनिटं मागे होतं. कीक्लोकच्या टोकनचं आयुष्य, तुम्ही बदललं नसेल तर, ५ मिनिटांचं असतं. म्हणजे या मशीननं दिलेला पास हातात पडतानाच ६ मिनिटांपूर्वी संपलेला. ज्याची विनंती पहिल्या किंवा तिसऱ्या मशीनकडं गेली तो आत, दुसरीकडं गेली तो बाहेर. मी हे सांगितल्यावर मामांनी मान वर करून भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाले, “आपलं तर बरोबर आहे की!”

आता कारण. वीज नसताना मशीनचं घड्याळ बोर्डावरच्या सेलवर चालतं. दुसऱ्या मशीनचा सेल मरायला टेकला होता. एरवी चालू झाल्यावर ती इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते, १२३ नंबरच्या पोर्टवरून. ते पोर्ट पंधरा दिवसांपूर्वी मीच फायरवॉल कडक करताना बंद केलं होतं. मशीन चालू होत्या तोवर सेकंदाचाच फरक पडला असेल, तो कुणाला दिसणार? ती मशीन सेवेतून बाजूला काढताच उरलेल्या दोघींवर काम सुरू झालं. हे मी पावणेदहालाही करू शकले असते. सीआर २०३२ सेल दुपारी रविवार कारंजाजवळच्या घड्याळवाल्याकडून आणला.

पण पाटीचं काय झालं ते ऐका. गिरणाऱ्याचे एक बागायतदार सकाळीच आले होते. गोडी छाटणीची मजुरी द्यायची, पेठ-सुरगाण्याकडचे मजूर बागेत. त्यांनी पाटी वाचली आणि हळूच विचारलं, “ताई, सर्व्हर डाऊन म्हणजे पैसे नाहीत का तुमच्याकडं?” बारापर्यंत ही शंका चहाच्या टपरीवर पोचली होती, आणि दोन ठेवीदार पावती मोडायला हजर झाले. पतसंस्थेबद्दल लोकांच्या मनात आधीच धाकधूक असते, त्यांना बोल कसा लावणार? मग मी पुठ्ठा उलटा करून लिहिलं: ‘रोख आहे. दोन नंबरच्या मशीनचं घड्याळ ११ मिनिटं मागे पडल्यानं लॉगिन होत नव्हतं. काम सुरू झालं आहे.’ पावती मोडायला आलेल्यांपैकी एक आजोबा ते वाचून परत गेले. दुसऱ्यांनी मोडलीच.

घड्याळ ही काही माझी एकटीची हौस नाही. सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत स्पष्ट म्हटलं आहे, की संगणक प्रणालींची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवावी आणि लॉग १८० दिवस जपावेत. हे मी त्या सोमवारनंतर वाचलं, हे कबूल करते.

सिंहस्थ तोंडावर आहे. नोंदणीच्या, पासच्या, निवासाच्या खिडक्या वाढतील आणि पुठ्ठेही. अशा पाटीची बातमी करताना आपल्या वार्ताहरांनी एवढंच विचारावं: कोणती सेवा बंद आहे, कधीपासून, आणि लोकांनी परत कधी यायचं? आमच्या काउंटरवर या तीन रकाम्या जागांची छापील पाटी आता तयार आहे. मामांनी मात्र तिच्या मागं जुना पुठ्ठाही जपून ठेवलाय.

आपली,
पतसंस्थेतील एक कर्मचारी, इंदिरानगर, नाशिक
(संस्थेचं व माझं नाव छापू नये, ही विनंती.)