खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक निवडताना आपले अक्षांश पाहा

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयांना कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी खगोलशास्त्राचा खुला ऐच्छिक विषय ठेवता येतो. दोन श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासिका. अभ्यासक्रम आखताना पुस्तकाच्या निवडीवर सर्वात कमी वेळ खर्च होतो. खरे तर विद्यार्थ्याला पुढे काय आठवणार, हे बरेचसे पुस्तकावरच ठरते.

बाजारातली बहुतेक प्रास्ताविक पुस्तके अमेरिका-इंग्लंडमधली, म्हणजे ४० ते ५० उत्तर अक्षांशांवरच्या आकाशाची आहेत. महाराष्ट्र साधारण १५.६ ते २२ अंशांत बसतो. ४० अंशांवर ध्रुवतारा क्षितिजापासून ४० अंश वर दिसतो, पुण्यात जेमतेम साडेअठरा. तिकडे सप्तर्षी जवळजवळ मावळतच नाहीत, इकडे ते मावळतात. आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिणेला ठळक दिसणारा अगस्त्य तारा तिकडे उगवतच नाही, म्हणून नकाशातही नसतो. त्रिशंकू हा तारकासमूह आणि मित्र हा तारा यांचीही तीच गत. ‘सूर्य कधीच डोक्यावर येत नाही’ हे तिथले वाक्य आपल्या विद्यार्थ्याला सरळ चुकीचे शिकवते. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य ख-मध्याच्या (बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या) जवळपास ५ अंश उत्तरेला असतो. द्वितीयेची चंद्रकोर पुस्तकात उभी काढलेली असते. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात ती नावेसारखी आडवी दिसते. ऋतूंच्या प्रकरणात जुलै सर्वात उष्ण असतो. आपला मे तापतो आणि जूनमध्ये दिवस सर्वात मोठा असतानाच ढग येऊन पारा उतरतो, याचा उलगडा त्या पानांवर मिळत नाही.

पुस्तक हातात आल्यावर आधी ऋतूंची आकृती पाहावी. पृथ्वीची कक्षा तिरक्या कोनातून काढतात, म्हणून ती लांबट दिसते आणि ‘सूर्य जवळ आला की उन्हाळा’ हा गैरसमज पक्का होतो. प्रत्यक्षात ती कक्षा १० सेंटिमीटर व्यासाची काढली, तर लांब आणि आखूड व्यासांतला फरक एक-दीड शतांश मिलिमीटर इतकाच येईल. शिवाय पृथ्वी सूर्याला सर्वात जवळ, १४.७१ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि सर्वात लांब, १५.२१ कोटींवर, जुलैच्या सुरुवातीला. आकृतीखाली ‘तिरकस दृश्य’ असा खुलासा आणि हे दोन आकडे नसतील, तर ते पुस्तक बाजूला ठेवावे. चंद्रकलांच्या आकृतीत चंद्राची कक्षा सुमारे ५ अंश कललेली दाखवली आहे का, तेही तपासावे. नाहीतर दर अमावास्येला ग्रहण का होत नाही, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. पृथ्वी १ सेंटिमीटरची काढली तर चंद्र ३० सेंटिमीटर दूर हवा. पानावर ते मावत नाही, पण पुस्तकाने तसे सांगायला हवे.

दुसरी कसोटी वर्णपटांची, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांची. ताऱ्यांच्या ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या (तप्त ते थंड) वर्गांची यादी देऊन मोकळी होणारी पुस्तके पुष्कळ आहेत. चांगले पुस्तक सांगते की बहुतेक सर्व ताऱ्यांत हायड्रोजनच सर्वाधिक असतो, तरी वर्णपटातल्या त्याच्या दृश्य प्रकाशातल्या रेषा सुमारे १०,००० केल्व्हिन तापमानाच्या ‘ए’ वर्गात सर्वात ठळक असतात. याहून थंड ताऱ्यात या रेषांसाठी लागणाऱ्या दुसऱ्या ऊर्जापातळीवर फारच थोडे अणू पोहोचतात. फार तप्त ताऱ्यात हायड्रोजनचे आयनीभवन होऊन इलेक्ट्रॉनच निसटतो. हे गणित भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. साहांचे नाव आहे पण कारण नाही, अशा पुस्तकाचा उपयोग नाही.

पुस्तक ताजे असावे, पण त्याचे अवडंबर नको. शनीच्या चंद्रांची संख्या शिक्षक मिनिटात दुरुस्त करतो. चुकीची आकृती मात्र वर्षानुवर्षे डोक्यात राहते. २०१५ मध्ये टिपलेल्या गुरुत्वीय लहरी आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली कृष्णविवराची प्रतिमा असली, की पुरे.

गणित विद्यार्थी पाहून. कलनावर (कॅल्क्युलसवर) आधारलेली खगोलभौतिकीची पुस्तके भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षासाठी उत्तम, वाणिज्यच्या पहिल्या वर्षाला निरुपयोगी. खुल्या विषयाला वर्ग, घन आणि व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई) पुरतो. उदाहरणार्थ केप्लरचा तिसरा नियम: गुरू सूर्यापासून ५.२ खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वीच्या ५.२ पट अंतरावर आहे, ५.२ चा घन सुमारे १४०.६, त्याचे वर्गमूळ ११.८६, म्हणून गुरूची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची. असे एककांसह सोडवलेले उदाहरण दर प्रकरणात असावे.

या कसोट्या लावून पाहायला ‘ओपनस्टॅक्स’ या मोफत पाठ्यपुस्तके काढणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाचे ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ हे पुस्तक हाताशी आहे. ते इंटरनेटवर विनामूल्य आहे, कलनाशिवाय चालते आणि श्रेय देऊन त्याचे भाषांतर व त्यात बदल करण्याची मुभा आहे. त्याची ३० प्रकरणे ३० तासिकांत संपणार नाहीत. १० ते १२ निवडावीत. अक्षांशाचा दोष त्यातही आहेच. म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी त्याला जोडून २०-२५ पानांची मराठी पुरवणी करावी: १६, १९ आणि २१ अंशांसाठी दरमहा आकाशाचे नकाशे, गावोगावच्या शून्य सावलीच्या तारखा आणि निरीक्षणांचे आपल्या ऋतूंना जुळणारे वेळापत्रक. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव आपल्याकडे ढगांत जातो. १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला दिसतो. जुलैत सुरू होणाऱ्या सत्रात प्रकाश आणि वर्णपट आधी शिकवावेत, आकाशदर्शन कोजागिरीनंतर ठेवावे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे एक पान पुरवणीत असावे, म्हणजे हायड्रोजनची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ रेषा शिकवताना जुन्नर तालुक्यातलेच उदाहरण देता येईल.

ही पुरवणी पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी तयार व्हावी, अशी अभ्यास मंडळांना आग्रहाची विनंती आहे.

– खगोलशास्त्राचे एक अध्यापक, पुणे