यंदाचा नाताळ तुमच्याशिवाय

गोरखा, नेपाळ
४ डिसेंबर

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

आधी बातमी सांगते. फोनवर सांगायला गेलं की आई गप्प होते आणि मग मला पुढे बोलवत नाही. यंदा नाताळला मी घरी येत नाहीये. संक्रांतीच्या आसपास निघेन. ठरलंय, इथल्या चर्चच्या पाळकांना शब्दही देऊन झालाय.

बाबा, चष्मा काढून ठेवू नका, पूर्ण वाचा.

वरच्या गावांत घरटी एक माणूस कतारला नाहीतर मलेशियाला गेलेला आहे. मागे उरलेत म्हातारे आईवडील, सून आणि शाळेत जाणारी पोरं. तीन-चार गावांना मिळून एकच पाळक, आणि जीप जिथं थांबते तिथून पुढे सगळी पायवाट. सणाच्या दिवसांत ही घरं फार सुनी होतात. टीममधले बाकीचे पुढच्या आठवड्यात परततील, आम्ही दोघी थांबतोय. आमचं काम काही मोठं नाही. घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, शास्त्रपाठ वाचायचा, प्रार्थना करायची. पण कोणी मुद्दाम डोंगर चढून आपल्याकडे आलं, याचंच त्यांना अप्रूप वाटतं.

परवा एका आमांकडे गेलो होतो, आमा म्हणजे नेपाळीत आई. वय आईपेक्षा थोडं जास्त असेल. चुलीशेजारी गुंद्री, म्हणजे गवताची चटई, अंथरली आणि आम्हाला जाळाच्या बाजूला बसवून स्वतः दाराकडे बसल्या. त्यांना वाचता येत नाही. बायबल मात्र फडक्यात बांधून ठेवलंय आणि त्यात मुलाचा पासपोर्ट-फोटो. आम्ही स्तोत्र १२१ वाचलं, तेव्हा त्या फोटोवरून अंगठा फिरवत राहिल्या. २०१५ च्या भूकंपात त्या उपासनेतच होत्या. इथं सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी, आणि २५ एप्रिलला शनिवारच होता. बाराला थोडा वेळ होता. भूकंपाचं केंद्र बारपाक याच जिल्ह्यातलं. त्यांचं घर गेलं, मंडळीतली दोन माणसं गेली. आता पत्र्याच्या छपराखाली उपासना भरते.

त्यांनी मला विचारलं, तुझ्या आईबाबांजवळ कोण असतं? मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्यांनी तुमची नावं विचारली, दोनदा घोकली आणि तुमच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली. आई, मी तिथंच रडले. लहानपणी ताप आला की तू कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायचीस ना, तसाच खरखरीत हात होता गं.

आता बाबांची काळजी. हो, इथं कायदा कडक आहे. धर्मांतर करवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, परदेशी माणसाला देशाबाहेरही काढतात. म्हणून आम्ही चौकात उभं राहून काही बोलत नाही, पत्रकं वाटत नाही. जे आधीच विश्वासात आहेत त्यांच्याच घरी जातो, तेही इथल्या पाळकांबरोबर. ते जा म्हणतात तिथंच जातो. तुम्ही घालून दिलेली शिस्त मी मोडणार नाही.

खाण्याचे हाल अजिबात नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास डाळभात, संध्याकाळी पुन्हा डाळभात, सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, किंवा पालेभाजी. पाणी उकळून पिते. थंडी आहे, पण रात्री दोन सिरकं, म्हणजे जाड रजया, मिळतात आणि आईचा राखाडी स्वेटर अंगातून निघत नाही. शेंगदाण्याची चटणी अजून आहे, पुरवून खातेय. शनिवारी मादल ढोलकीच्या तालावर भजनं रंगली की आईचा रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांचा आवाज आठवतो.

आता माझं ऐका. बाबा, नाताळचा तारा लावायला स्टुलावर चढायचं नाही, तरुण संघातली मुलं येतील, मी सांगितलंय. नाताळच्या फराळात साखरेचा हिशेब ठेवा, एक करंजी म्हणजे एकच. आई, तू करंज्या लाटायला खाली बसू नकोस. गुडघा दुखला की तू कोणाला सांगत नाहीस, हे मला ठाऊक आहे. यंदा काकूंकडून विकत घे, त्यांनाही चार पैसे मिळतील. कॅरलवाले रात्री उशिरा आले तर बाबांनी मफलर बांधूनच बाहेर यावं.

धाकटा चोवीसला रात्री पुण्याहून येतोय. त्याच्याकडून मी कबूल करून घेतलंय, पंचवीसच्या उपासनेला तोच तुम्हाला रिक्षानं नेईल. जेवायला बसलात की व्हिडिओ कॉल करा. रेंज नसेल तर पाळकांच्या घराजवळ चढावर जाऊन मी उभी राहीन. माझं ताट मांडू नकोस आई, तुला उगाच त्रास होईल. मांडलंसच तर धाकट्याला दोन वेळा वाढ.

पाळकसाहेबांना सलाम सांगा. आणि बाबा, बीपीच्या गोळ्या या शुक्रवारी संपतात. गुरुवारीच आणा.

तुमची,
छकुली