इंजिन बदललेल्या एकेका गाडीची तपासणी होऊ द्या

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

मा. गडकरी साहेब,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. इंजिन उतरवणं, बांधणं आणि चढवणं हा धंदा. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की फडातून निघालेली ट्रॉली चिखलात बसते आणि फोन वाजायला लागतात. टोचन करायला दांडगी गाडी लागते. ट्रॅक्टर असतो, पण तो लांबून येईस्तोवर रस्ता तुंबलेला असतो. म्हणून इकडे जो तो म्हणतो, जुन्या पिकअपमध्ये मोठं डिझेल इंजिन बसवून दे. काम अवघड नाही. अडचण अशी की ते कायदेशीरपणे करायची वाटच नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. २००० सालच्या दुरुस्तीआधी आरटीओला कळवून, त्याची मंजुरी घेऊन असे बदल करता येत. ती सोय गेली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात या कलमाचा अर्थ आणखी पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

पण त्याच कलम ५२ मध्ये खाली वाचत गेलं तर गंमत आहे. ज्याच्याकडे किमान दहा वाहतूक वाहनं आहेत अशा मालकाला, त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. पुढे सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या किटला वाट आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच मंत्रालयाने साडेतीन टनांखालच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या सरकारी मानकाची सहावी पायरी) गाडीतलं डिझेल इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजीचं इंजिन बसवायचा नियम काढला. आणि १२ फेब्रुवारी २०२१ रोजी डिझेलवरून सीएनजीवर आणलेला देशातला पहिला ट्रॅक्टर आपण स्वतः लोकांपुढे आणलात. म्हणजे इंजिन बदललं की गाडी धोकादायक होते, असं सरकारचंही मत नाही. सरकारला हवी आहे तपासणी. तीच तर आम्हाला हवी आहे! फक्त आज ती तपासणी किटची होते, मॉडेलची होते. किट बनवणारी कंपनी एआरएआय या पुण्यातल्या वाहन-चाचणी संस्थेकडे जाते, एकदा मंजुरी घेते आणि हजारो गाड्यांना ते किट विकते. एका मालकाच्या एका गाडीत, एका फिटरने बसवलेल्या डिझेल इंजिनाला हे दार उघडं नाही.

म्हणून काम चोरून होतं. आरसीवर एक इंजिन, बॉनेटखाली दुसरं. नंबर घासून पुन्हा ठोकणारे लोक आहेत, हे आरटीओलाही ठाऊक आहे. अपघात झाला की विमा कंपनी आरसी आणि इंजिन नंबर ताडून बघते, मग मालक आणि ज्याला धडक बसली तो, दोघेही कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. एका कार्यालयात मी सरळ विचारलं होतं की अशी गाडी दाखवायला आणली तर काय होईल. उत्तर मिळालं, आणू नका.

आता थोडं गॅरेजमधलं बोलतो, कारण नियम करणाऱ्याला हे कळलं नाही तर नियम कागदावरच राहील.

इंजिन बदलणं आपल्याकडे नवं नाही. महिंद्राने स्वतःच विलीस जीपच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल घातलं, पुढे प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० घातलं. एमएम ५४० जीपमधलं तेच इंजिन, ६२ अश्वशक्तीचं. घाटातल्या आणि देशावरच्या कितीतरी पेट्रोल जीप गावच्या मिस्त्रींनी याच वाटेने डिझेलच्या केल्या. टाटाच्या इंजिनांची नावं तर सरळ वाचता येतात: पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे. ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर, १९४८ सीसी. १९८८ मध्ये आलेल्या टाटामोबाईल २०६ या पिकअपमध्ये हे होतं. ४९७ म्हणजे ४०७ मध्ये चालणारं २९५६ सीसीचं. ६९७ म्हणजे मोठ्या ट्रकचं सहा सिलिंडरी. २०६ ची बॉडी चांगली असेल आणि ४८३ दमलं असेल, तर ४९७ चा विचार कोणताही फिटर करणारच. तेवढ्यावर ऊसाची ट्रॉली हलते.

आणि मग हौशी लोक आहेत. त्यांच्या स्वप्नात येतं कमिन्स या अमेरिकन कंपनीचं ६बीटी डिझेल इंजिन. ५.९ लिटर, सहा सिलिंडर, १०२ मिलिमीटरचा बोअर, १२० चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). अमेरिकेत डॉजने १९८९ पासून हे आपल्या पिकअपमध्ये घातलं. १९९४ ते १९९८ च्या गाड्यांत त्यावर बॉशचा पी७१०० हा डिझेल फवारणारा इनलाइन पंप होता, पूर्ण मेकॅनिकल, कॉम्प्युटर नाही, आणि ताकद २१५ अश्वशक्तीपर्यंत गेली. ट्रक-पुलिंगवाले, म्हणजे ट्रकने वजन ओढायच्या स्पर्धा खेळणारे, आजही त्या पंपासाठी भंगार उपसतात. हेच इंजिन आपल्याकडे टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवलं, टाटाच्या ट्रकमधून ते देशभर फिरलं, आणि कमिन्सचा मोठा कारखाना आता आमच्या शेजारी फलटणलाच आहे. तेव्हा हे कुणा परदेशी मासिकातलं खूळ आहे असं समजू नका.

पण ६बीटी बसवायला मी कुणालाही सहज हो म्हणत नाही. इंजिनच साडेचारशे ते पाचशे किलोच्या घरात. जीपच्या पुढच्या पाट्यांवर (स्प्रिंगवर) ते ठेवलं की नाक जमिनीला लागतं, स्टिअरिंग जड होतं, ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. एक्सडीपीचा टॉर्क, म्हणजे शाफ्ट पिळायची ताकद, साधारण १२ किलोग्रॅम-मीटर. त्या २१५ अश्वशक्तीच्या ६बीटीचा त्याच्या पाचपट. जुन्या जीपचा तीन गिअरचा बॉक्स पहिल्याच ओढीत दात टाकतो. तो वाचला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जातो, तो वाचला तर मागचा ऍक्सल पिळवटतो. शिवाय हे इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास दम संपवतं. जीपच्या ऍक्सलमधल्या ५.३८ च्या क्राउन-पिनियनवर (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या) तेवढ्या फेऱ्यांना गाडी ताशी साठच्या पुढे फारशी जात नाही. म्हणून ऍक्सल बदला, मग ब्रेक बदला, मग बूस्टर, मग रेडिएटर मोठा, मग चेसिसला आतून पट्टी. म्हणजे शेवटी मूळ गाडीतलं उरतं काय? आरसी बुक. अशा गाडीला ‘इंजिन बदल’ म्हणून सोडू नये, हे मी गॅरेजवाला असून सांगतो. तिला नव्याने बांधलेली गाडी मानून पुरती तपासा, नाहीतर रस्त्यावर येऊच देऊ नका.

४९७ चं प्रकरण वेगळं आहे. माउंटिंग नवीन, रेडिएटर नवीन, क्लच मोठा, ब्रेक त्या ताकदीला पुरतो का ते बघायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आरसीवरचं एकूण वजन एक किलोनेही वाढवायचं नाही. इंजिन मोठं झालं की मालकाला वाटतं गाडी जास्त माल नेईल. ओढायची ताकद वाढली तरी थांबायची तेवढीच राहते. नियमात हे वाक्य स्पष्ट लिहा. आमच्या गिऱ्हाइकांना आम्ही सांगून थकलो.

जगात हे प्रश्न सुटलेले आहेत. ऑस्ट्रेलियात हलक्या गाड्यांच्या बदलांसाठी देशभराची एक संहिता आहे. गाडीच्या वजनाच्या हिशोबाने किती मोठं इंजिन चालेल याची मर्यादा त्यात आहे, आणि मान्यताप्राप्त इंजिनिअर गाडी बघून सही करतो. कॅलिफोर्नियात प्रदूषणाचे नियम कडक. तिथे बसवायचं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, प्रदूषण रोखणारे त्याचे सगळे भाग जागेवर हवेत, आणि सरकारने नेमलेला तपासनीस गाडी उघडून बघतो. ही अट मला पटते. डिझेलबद्दल आपली नाराजी जाहीर आहे आणि ती समजते. मी बीएस-४ गाडीत बीएस-२ चं इंजिन घालायची परवानगी मागत नाही. उलट जुन्या गाडीत नवं, कमी धुराचं इंजिन गेलं तर हवेचा फायदाच आहे. पीयूसीत धुराच्या दाटपणाची मर्यादा जुन्या डिझेल गाड्यांना २.४५ आहे आणि बीएस-४ गाड्यांना १.६२. इंजिन बदललेल्या गाडीला इंजिनाच्या वर्षाप्रमाणे कडक मर्यादा लावा, गाडीच्या वर्षाप्रमाणे सैल नको.

ओढण्याच्या स्पर्धांचा मुद्दा राहिला. अमेरिकेत १९६९ पासून ट्रॅक्टर-पुलिंगची राष्ट्रीय संघटना आहे. गाडीमागे एक अवजड स्लेज, म्हणजे ओढायचं वजन लादलेला सांगाडा, असतो. गाडी पुढे सरकेल तसं स्लेजवरचं वजनही पुढे सरकतं आणि घर्षण वाढत जातं. तीनशे फूट ओढलं तर ‘फुल पुल’. बघायला थरार असतो, पण त्यांच्या नियमांची वही मला त्याहून आवडते. गाडी स्लेजपासून तुटली तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरी, क्लच फुटला तर तुकडे अडवणारं पोलादी कवच, शाफ्ट तुटला तर तो जमिनीत रुतू नये म्हणून भोवती कडं, आग विझवायची सोय. हे नसेल तर मैदानात पाऊल नाही. आपल्याकडे काय होतं? गावच्या जत्रेत दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जुंपतात, आणि बघे साखळीच्या हातभर अंतरावर उभे असतात. पंजाबात ट्रॅक्टरच्या कसरतीत जीव गेल्यावर २०२३ मध्ये सरकारने त्या कसरतींवर बंदी घातली. बंदी समजते. पण बैलगाडा शर्यतीच्या बाबतीत आपण सगळ्यांनी पाहिलं: वर्षानुवर्षं बंदी, चोरून शर्यती, कोर्टकज्जे, आणि शेवटी मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमांसकट मान्यता दिली. इंजिनांच्या बाबतीत एवढा वळसा घ्यायची गरज नाही. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते, चिखलात गाड्या घालायची मोठी स्पर्धा. तिथल्या धर्तीवर, फक्त मैदानात चालणाऱ्या गाड्यांची वेगळी नोंद ठेवा. त्या रस्त्यावर चालणार नाहीत, ट्रेलरवरून येतील, ट्रेलरवरून जातील. ६बीटीवाल्यांची सोय तिथेच.

विंटेज गाड्यांसाठी आपण २०२१ मध्ये वेगळे नियम केलेत: पन्नास वर्षांहून जुनी, इंजिन-चेसिसमध्ये मोठा बदल नसलेली गाडी, वेगळी नंबर प्लेट, वीस हजार फी. हौशी श्रीमंतांसाठी मंत्रालयाला वेगळा वर्ग सुचला याचा आनंदच आहे. चिखलातून ट्रॉली ओढणाऱ्यासाठीही एक सुचावा.

मला काय हवं ते थोडक्यात लिहितो. कलम ५२ खाली केंद्राने एक नियम काढावा: एका मालकाची एक गाडी, मान्यताप्राप्त संस्थेत एकदा तपासणी, ब्रेक, चेसिस, ऍक्सल, धूर, पास झाली तर आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर, सीसी आणि वर्ष, एकूण वजन जुनंच. इंजिन कुठून आलं याचं बिल आणि आधीच्या गाडीचं स्क्रॅपचं प्रमाणपत्र सक्तीचं करा, म्हणजे चोरीची इंजिनं बाहेर पडतील. पुण्यात एआरएआय आहे, भोसरीत सीआयआरटी आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. देशातल्या किती राज्यांच्या नशिबी गाड्या तपासणाऱ्या एवढ्या संस्था आहेत? सुरुवात महाराष्ट्रात वर्षभर प्रायोगिक करा. फी किती ठेवायची ते आपण ठरवा, आम्ही घासाघीस करणार नाही. फक्त एआरएआयच्या किट-मंजुरीचा दर एका गाडीच्या मालकाला लावू नका.

माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची टाटामोबाईल २०६ पत्र्याखाली उभी आहे आणि बाजूला ४९७ ओव्हरहॉल करून ठेवलंय. मी ते बसवलेलं नाही. नियमाचा मसुदा निघाला तर ती गाडी ट्रेलरवर घालून आपण म्हणाल त्या संस्थेत आणतो. तपासणारे काढ म्हणतील ते काढेन, कापून बघायचं म्हणाले तर कापू देईन. निकाल काय लागेल तो संकेतस्थळावर लावा, नापास झाली तरी.

आपला नम्र,
उद्यमनगर, कोल्हापूर येथील एक फिटर