केसगळतीबद्दल तुला सविस्तर लिहितोय

प्रिय सच्या,

काल रात्री तू पाठवलेला फोटो बघितला, बाथरूमच्या जाळीवर अडकलेला केसांचा पुंजका आणि खाली नुसतं "काय करू सांग". दोन ओळीत उरकावंसं वाटलं नाही. मी स्वतः यातून गेलोय रे, ग्रुप फोटोत आपण आपोआप मागच्या रांगेत जाऊन उभे राहतो, कुणाच्या लक्षात येत नाही पण आतून पोखरतं ते.

आधी एक कर, काहीही विकत घेऊ नकोस. केस गळणं हा एकच आजार नाहीये, वरून सारखे दिसणारे बरेच प्रकार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. दिवसाला 50 ते 100 केस तर सगळ्यांचेच जातात. तुला मध्ये तो जबरदस्त ताप येऊन गेला ना, त्याला आता अडीच महिने झाले असतील? मग ही त्याचीच गळती असू शकते. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण किंवा उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन, यात एकदम खूप केस वाढायचे थांबतात आणि गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी, म्हणून कुणाला संबंधच लागत नाही. ही गळती बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपली आपण थांबते. तरी आयर्न आणि थायरॉईड तपासून घे, आणि बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या व्हिटॅमिनच्या) गोळ्या चालू केल्या असशील तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांग, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

माझं तसं नव्हतं. मी आधी एका क्लिनिकमध्ये सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं, तिथे माझ्या डोक्याकडे कुणी नीट बघितलंही नाही. नंतर स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी डोक्यावर ते छोटं भिंग टेकवून स्क्रीनवर दाखवलं, एक जाड केस आणि त्याला लागूनच तीन-चार लवेसारखे बारीक. डीएचटी नावाच्या हार्मोनने मुळं आकसत जातात आणि दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक उगवतो, हे आनुवंशिक. मूळ पूर्ण मेलं की कुठलंच औषध ते जागं करत नाही, त्यामुळे त्या वाया गेलेल्या महिन्यांचा मला अजून राग येतो.

मग मिनॉक्सिडिल सुरू केलं. हे मुळात बीपीचं औषध, पेशंटच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा लक्षात आलं आणि 1988 मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायचं औषध म्हणून मान्यता मिळाली. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, पाचव्या आठवड्यात उशी बघून मी बाटली फेकणारच होतो. जुने केस नव्यांना जागा देतात म्हणून तसं होतं, चार-सहा महिने तरी धीर धरावा लागतो, आणि बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत परत जातं. आणि तुझ्या मनीला जप, मांजरांना ते विषारी आहे, थोडंसं चाटलं तरी जिवावर बेततं.

फिनास्टेराइडची गोळी डीएचटीच कमी करते, पण काही जणांची सेक्सची इच्छा कमी होते, मन उदास होतं, तेव्हा डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच घे. ट्रान्सप्लांटची घाई तर नकोच. डोक्याच्या मागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत म्हणून तिथले काढून पुढे लावतात, म्हणजे नवीन केस मिळत नाहीत, आहेत तेच हलवतात, आणि मागचा साठा मोजकाच असतो. आजूबाजूची गळती चालूच राहिली तर लावलेले केस बेटासारखे उरतात.

नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली असेल तर ते वेगळंच, तिथे शरीर स्वतःच्याच मुळांवर हल्ला करत असतं, त्याला इंजेक्शनं देतात आणि फार पसरली असेल तर 2022 पासून बॅरिसिटिनिबची गोळीही आहे. डोक्याची आग होत असेल, कातडी लाल किंवा चकचकीत दिसत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, त्यात मुळं कायमची जातात.

आज दिवसा खिडकीशी उभा राहून भांग, कपाळ आणि मागची बाजू असे तीन फोटो काढून ठेव, दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात. अपॉइंटमेंट मिळाली की कळव, मी येतो बरोबर.

तुझा,
पक्या