वरच्या खोल्यांविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्याव्यात की नाहीत, यावर तुम्हा दोघांचे एकमत होत नाही, हे मागच्या फोनवर माझ्या लक्षात आले. आईला घरात जाग हवी आहे आणि बाबांना उतारवयात नवी कटकट नको आहे. असे विषय फोनवर अर्धवटच राहतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. वसतिगृहाची रेक्टर या नात्याने या मुलामुलींची बाजू मला रोज दिसते आणि विद्यापीठाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या रहिवाशांच्या तक्रारीही माझ्याच टेबलावर येतात. खोल्या द्याव्यात असेच माझे मत आहे. मात्र आईच्या मनात जे आहे तेवढ्यावर विसंबून त्या देऊ नयेत, असेही मला वाटते.

आधी बाबांच्या शंकेविषयी. रात्री उशिरापर्यंतचा आवाज, जिन्यावरची वर्दळ, फाटकासमोर लावलेल्या मित्रांच्या गाड्या या गोष्टी खोट्या नाहीत. पण बाबा, या भांडणांच्या मुळाशी विद्यार्थ्यांच्या बेशिस्तीपेक्षा वेगळे एक कारण आहे, असे मला या कामात वारंवार जाणवले आहे. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातो, शेजारी मात्र तिथेच राहतो. शेजाऱ्याने आजवर कित्येक तुकड्या आलेल्या-गेलेल्या पाहिलेल्या असतात आणि प्रत्येक तुकडीचा राग त्याच्या मनात साठत आलेला असतो. नुकताच प्रवेश घेतलेल्या मुलाला मात्र आपल्या आधी तिथे कोण राहत होते, याचीही कल्पना नसते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात थोडा मोठा आवाज झाला, तर त्याच्या वाट्याला मागच्या दहा वर्षांचे बोलणे येते. तोही मग घरमालक म्हणजे जाताना अनामत रक्कम कापून घेणारा माणूस, एवढीच ओळख मनाशी धरून राहतो. चांगल्या घरातली, चांगल्या वळणाची माणसे एकमेकांशी अशी का वागतात, याचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

हे आजचे नाही. १२०९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका स्त्रीचा खून झाला, संशय एका विद्यार्थ्यावर आला आणि तो सापडेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना फासावर चढवले. निषेध म्हणून अध्यापक आणि विद्यार्थी शहर सोडून गेले; त्यातले काही केंब्रिजला गेले आणि तिथल्या विद्यापीठाची सुरुवात त्यातूनच झाली. पाच वर्षांनी, १२१४ मध्ये, पोपच्या प्रतिनिधीने जो निवाडा दिला, त्यात नगरवासीयांवर लादलेली मुख्य अट बाबांना मजेशीर वाटेल: विद्यार्थ्यांच्या घरांचे भाडे दहा वर्षांसाठी निम्मे करावे. एवढ्यावरही प्रकरण शमले नाही. १३५५ च्या फेब्रुवारीत मद्यालयातल्या मद्याच्या प्रतीवरून वाद झाला, त्याची दंगल झाली आणि परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या आकड्याप्रमाणे ६३ विद्यार्थी मारले गेले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून महापौराने दरवर्षी विद्यापीठाला ६३ पेन्स द्यायचे, ही प्रथा १८२५ पर्यंत चालू होती. साडेचारशे वर्षांहून अधिक काळ एक शहर आपल्या विद्यार्थ्यांना दंड भरत होते. आपल्या गल्लीतले गाड्यांचे भांडण त्यामानाने बरे म्हणायचे.

त्या काळातली जी गोष्ट मला खरोखर उपयोगाची वाटते, ती भाडे ठरवण्याची पद्धत. इटलीतल्या बोलोन्या या विद्यापीठाच्या शहरात घरांचे वाजवी भाडे ठरवण्यासाठी विद्यार्थ्यांच्या आणि नगराच्या अशा दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकत्र बसत. पॅरिसमध्ये १२३१ च्या पोपच्या आज्ञापत्राने, वसतीच्या भाड्याची आकारणी नाकारली गेल्यास अध्यापन बंद ठेवण्याचा अधिकार विद्यापीठाला दिला. म्हणजे दोन्ही ठिकाणी तोंडी भलेपणावर कोणी भिस्त ठेवली नव्हती. आधी बसून ठरवले जाई आणि मग मनुष्य घरात येई. (बोलोन्यातले विद्यार्थी तर उशिरा येणाऱ्या अध्यापकांकडूनही दंड वसूल करीत. हे माझ्या वसतिगृहातल्या कोणाला मी अजून सांगितलेले नाही.) आपल्याकडच्या नालंदा महाविहाराचा संसारही आसपासच्या गावांवरच चालत असे. तिथे शिकलेला चिनी प्रवासी भिक्षू श्वेन त्सांग (ह्युएन त्संग) याच्या चरित्रात सुमारे १०० गावांचा महसूल त्यासाठी नेमून दिल्याचा आणि त्या गावांतली २०० कुटुंबे रोज तांदूळ, दूध, लोणी पोचवीत असल्याचा उल्लेख आहे. तिथेही नेमणूक होती, कोणाच्या मर्जीवर सोडलेले काही नव्हते.

शेजारच्या गल्लीचे उदाहरण बाबांनी दिले, ते मात्र मी वेगळे मानते. तिथे बहुतेक घरांचे मालक दुसरीकडे राहतात आणि प्रत्येक खोलीत मावतील तितके पलंग टाकून त्यांनी घरे भाड्याने दिलेली आहेत. अशा गल्लीतून हळूहळू कुटुंबे निघून जातात, सुट्ट्यांत ती ओस पडते आणि पाण्याच्या टाकीचा पंप बंद पडला तर कोणी सांगायचे, हेच कोणाला ठाऊक नसते. इतर देशांतल्या विद्यापीठांच्या शहरांतही हे झाले आहे. इंग्लंडमध्ये तर २०१० पासून काही भागांत कौटुंबिक घर अशा सामायिक वापराला देण्याआधी परवानगी घेण्याची सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना मिळाला. ज्या घरात मालक स्वतः खाली राहतो आणि वर दोघेच विद्यार्थी आहेत, त्या घराची गणना यात होत नाही.

आता आई, तुझ्याविषयी. विद्यार्थी घरात असले की सोबत होते, ही तुझी कल्पना भाबडी नाही. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. त्यानंतर वृद्धांच्या घरी माफक मोबदल्यात विद्यार्थ्यांनी राहण्याच्या व्यवस्थेला तिथे जोर आला आणि २०१८ च्या कायद्याने तिला रीतसर कराराचे रूप मिळाले: घर देणारा साठीच्या पुढचा, राहणारा तिशीच्या आतला. नेदरलंड्समधल्या डेव्हेंटर इथल्या एका वृद्धनिवासात विद्यार्थी भाडे न देता राहतात आणि त्याबदल्यात महिन्याला किमान ३० तास चांगल्या शेजाऱ्याप्रमाणे रहिवाशांसोबत घालवतात. या दोन्हींत सोबत किती आणि कशी, हे आधी बोलून ठरलेले आहे, हे तू ध्यानात घ्यावेस. भाडे पूर्ण घ्यायचे आणि वर औषधे आणून देण्याची, दवाखान्यात येण्याची मनातल्या मनात अपेक्षा ठेवायची, हे त्या मुलांवर अन्यायाचे होईल आणि तुझ्या वाट्याला रुसवे येतील. सोबत हवी असेल तर भाडे कमी करून ती करारात मोकळेपणाने मागावी. नको असेल तर येता-जाता होणाऱ्या चार शब्दांवर समाधान मानावे. मला विचारशील तर पहिले वर्ष तरी दुसरा मार्ग बरा.

द्यायचे ठरल्यास पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्राधान्य द्यावे. ते अधिक वर्षे टिकतात आणि सुट्ट्यांतही बहुधा इथेच असतात. करार लेखी आणि नोंदवलेला असावा. सुट्टीतल्या महिन्यांचे भाडे, पाहुण्यांचा मुक्काम, रात्रीच्या शांततेची वेळ आणि अनामत रकमेतून नेमके काय कापले जाईल, एवढे त्यात स्पष्ट असले म्हणजे निम्मी भांडणे उद्भवतच नाहीत. खोल्या ताब्यात देताना भिंतींची, नळांची आणि पंख्यांची छायाचित्रे दोघांच्या समक्ष काढून ठेवावीत. तसेच ते राहायला येतील त्या आठवड्यात बाबांनी स्वतः त्यांना दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे नेऊन ओळख करून द्यावी. नाव माहीत असलेल्या मुलाविरुद्ध कोणी माझ्याकडे अर्ज घेऊन येत नाही. आधी त्यालाच हाक मारून सांगतात, असा माझा अनुभव आहे.

जिना बाहेरून असला तरी मधले दार तुमच्या बाजूने बंद होत नाही, ते सुतार बोलावून आधी करून घ्यावे लागेल. निकाल लागले की खोल्यांसाठी विचारणा सुरू होते, तेव्हा त्यापूर्वी तुमचा विचार पक्का होऊन मला कळला, तर कराराचा मसुदा मी इथून लिहून पाठवीन आणि माझ्या माहितीतल्या दोन संशोधक विद्यार्थिनींना तुमच्याकडे भेटायला पाठवीन. त्या दोघींपैकी एक पहाटे उठून मोठ्याने वाचते, हे बाबांना आधीच सांगून ठेवते.

कळावे.

तुमची,
लेक